‘पालक हवेत’ असं पोस्टर लावण्याआधी

समलिंगी जोडप्यांचं कौटुंबिक जीवन हा विषय पीएचडीला घेतला तेव्हा वाटलं, एवढी मोठी मुंबई, वीस मुलाखती चार महिन्यांत उरकतील. तीन महिन्यांत एक मिळाली, आणि त्या बाईंनीही नंतर माघार घेतली.

चूक पोस्टरवरच होती. ‘समलिंगी पालक हवेत’ असं ठळक छापलं होतं. डोंबिवलीच्या एका ताईंनी फोनवर विचारलं, “अगं, मी कुठे पालक? शाळेच्या फॉर्मवर मी मावशी आहे.”

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने आधी कायदा वाचावा, तो असा. दत्तक घ्यायला जोडप्याचं किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन लागतं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही आणि हा दत्तक नियमही ३ विरुद्ध २ मतांनी टिकला. मग दोघींपैकी एकीने ‘एकल’ म्हणून अर्ज करायचा. एकट्या पुरुषाला तर मुलगी दत्तक मिळतच नाही, आणि समलिंगी जोडप्यांसाठी सरोगसीची वाट २०२१ च्या कायद्याने बंद केली. शिवाय काहींची मुलं आधीच्या लग्नातली असतात, त्यांना ताबा जाण्याची धास्ती. म्हणजे घरात दोन आया, कागदावर एक. मी पोस्टर बदललं: ‘तुम्ही जोडीदारासोबत मूल वाढवताय का?’ मग फोन येऊ लागले.

लोक शोधायला हमसफर ट्रस्टसारख्या, समलिंगींसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्थांकडे जा, पण पहिल्याच भेटीत यादी मागू नका. कुणी देणार नाही, देऊही नये. सहा महिने त्यांच्या कार्यक्रमांत खुर्च्या लावा. प्राइड मार्चमध्ये पत्रकं वाटायचा मोह मलाही झाला होता. माणसं तिथे नाचायला येतात, नमुना व्हायला नाही.

एकाने दुसऱ्याचं नाव सुचवायचं, ही साखळी पद्धत सोयीची, पण फसवी. माझे पहिले सहाही जण वांद्र्याचे, इंग्रजी बोलणारे, स्वतःच्या फ्लॅटमधले निघाले. मग नियमच केला: एका व्यक्तीकडून जास्तीत जास्त दोन नावं. कल्याण-विरारकडची माणसं त्यानंतर भेटली.

नाव बदललं की ओळख लपली, असं समजू नका. ‘मुलुंड, दोघी शिक्षिका, दत्तक मुलगा’ एवढ्यावर अख्खी सोसायटी ओळखेल. संमतीपत्रावरची सही हाही पुरावाच. तोंडी संमती चालेल का, हे संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला आधीच विचारा. मुलाखत देणाऱ्यांचा प्रवासखर्च जीपेने पाठवायचा तर बँकेत नाव उमटतं. रोख द्यायचा तर अकाउंट्सला सहीची पावती हवी. आमच्या इथे नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाचं व्हाउचर मंजूर व्हायला दोन महिने गेले. मुलाखतीला घरी गेलात तर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात काय लिहायचं, तेही त्या घरच्यांनाच विचारून ठरवा. मी बहुतेक ठिकाणी ‘शिकवणी’ लिहिलं.

आणि मे महिन्यात कुणाला गळ घालू नका, सगळे गावी असतात. जून शाळेच्या वह्यापुस्तकांत जातो. जुलै बरा, गणपतीची गडबड सुरू व्हायच्या आत.