पोळ्याआधी कपाशीतील शेंदरी बोंडअळीचा पतंग ओळखा

चोपडा, शिरपूर, शहादा या तापीकाठच्या पट्ट्यातील पूर्वहंगामी बागायती कपाशी सध्या पाते (कळ्या) व फुलांवर असून कोरडवाहू कपाशीही मागोमाग त्या अवस्थेत येत आहे. अंड्यातून निघालेली शेंदरी बोंडअळी थोड्याच वेळात पात्यात किंवा बोंडात शिरते आणि आत गेल्यावर तिच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. म्हणून अळी दिसण्याची वाट न पाहता पतंगावर लक्ष ठेवावे.

हा पतंग जेमतेम ८ ते १० मिलिमीटर लांब आणि करड्या-तपकिरी रंगाचा असतो. पुढच्या पंखांवर काळसर डाग व पट्टे दिसतात, तर मागचे पंख रुपेरी असून त्यांच्या कडेला बारीक केसांची झालर असते. दिवसा तो भेगांत व पाल्यापाचोळ्यात दडतो. अमेरिकन बोंडअळीचा पतंग याहून बराच मोठा असतो, तर ठिपक्याच्या बोंडअळीच्या पतंगाच्या पंखांवर हिरवा पट्टा असतो.

या किडीची शास्त्रीय नोंद १८४३ साली झाली, ती भारतातील कपाशीवरील नमुन्यांवरून. पुढे सरकीतून ती इजिप्त व मेक्सिकोत पोहोचली आणि १९१७ मध्ये टेक्सासमध्ये आढळली. पतंग स्वतः एवढा लांब उडाला नाही, तर दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत महिनोन्महिने सुप्त राहणाऱ्या अळीने हा प्रवास केला. जिनिंगमधील सरकीकडे आणि बांधावर सरपणासाठी रचलेल्या जुन्या पऱ्हाट्यांकडे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांकडे) त्यामुळेच संशयाने पाहावे.

एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण एक फूट उंच लावावेत. ल्यूर (सापळ्यातील गंधाचे आमिष) बदलताना हाताला कांदा, लसूण किंवा तंबाखूचा वास नसावा. सापळ्यात फक्त नर येतात, त्यामुळे सापळा लावला म्हणजे बंदोबस्त झाला, असे समजू नये. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग सापडल्यास नियंत्रणाचे उपाय हाती घ्यावेत. सोबतच पाकळ्या न उमलता गुलाबकळीसारख्या मिटलेल्या डोमकळ्या तोडून अळीसह नष्ट कराव्यात. बोंडे धरल्यावर एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरतो; २० पैकी २ बोंडांत अळी निघाल्यास मात्र कपाशीसाठी शिफारस असलेले कीटकनाशक लेबलवरील मात्रेनेच, दुसरे कोणतेही औषध न मिसळता फवारावे.