पुण्याहून लेहला बाईकवर: गाडी कुठली न्यायची आणि तिला तयार कशी करायची

मार्च आला की मित्रांचे फोन सुरू होतात, जूनमध्ये लडाखला जायचंय, गाडी कुठली घेऊ? माझं उत्तर ठरलेलं असतं, खाली पार्किंगमध्ये उभी आहे तीच ने. रोजच्या गाडीचे आवाज आपल्या कानाला माहीत असतात, कुठली खरखर नेहमीची आणि कुठली बिघाडाची हे लगेच कळतं, नवीन गाडीत ते कळायला चार-पाच हजार किलोमीटर जावे लागतात.

तरी घ्यायचीच असेल तर एकट्याला हिरोची एक्सपल्स मस्त, हलकी आहे, पडली तर एकटा उचलू शकतो (आणि पडणार, नाल्यात दगडावरून चाक सरकलं की सगळेच पडतात). मागे कोणी बसणार असेल तर रॉयल एनफिल्डची हिमालयन, जुनी ४११ सीसीवाली पण चालेल, सेकंडहॅण्ड घेताना पुढच्या शॉकअपचं ऑइल गळतंय का बघा. लेहजवळची खारदुंगला खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब इथल्या जवळपास निम्मा, त्यामुळे ४११ चे २४ हॉर्सपॉवर तिथे निम्मेच हाताला लागतात. हवा विरळ झाली की इंजेक्शनवाली (सेन्सरवर चालणारी) गाडी पेट्रोल आपोआप कमी करते, जुन्या पद्धतीची कार्बोरेटरवाली काळा धूर सोडून गुदमरते. मग हवा जास्त मिळावी म्हणून लोक एअर फिल्टरच काढून टाकतात, ते मात्र करू नका, त्या धुळीत इंजिनची वाट लागते.

पेट्रोलचं गणित बसल्या जागी करून टाका. मनालीकडून जाताना टांडीच्या पंपावरची पाटी फेमस आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची, घाटात २५ चं ॲव्हरेज धरलं तर ३२५ झाले, म्हणजे ५ लिटरचा कॅन पाहिजेच. स्प्लेंडरवाला मात्र १० लिटरमध्ये ५० च्या ॲव्हरेजने निवांत पोचतो, फक्त डबलसीट नको. कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही, वर चढल्यावर फुगतो. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल नेणाऱ्यांना मी हात जोडतो.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी नाही, दीड महिना आधी. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड, चेन सेट, आणि क्लच प्लेट. क्लच प्लेटबद्दल मेकॅनिक म्हणेल अजून चालतील की, तरी बदला, कारण तिथे पहिल्या गिअरवर अर्धा क्लच दाबून तासन्‌तास चढायचं असतं. चेन फार टाइट करू नका, सामान चढलं आणि गाडी खाली बसली की ती अजून ताणली जाते.

क्लच केबलवर माझा विशेष जीव आहे. पहिल्या वेळी नाशिकच्या अलीकडेच लिव्हर दाबताना बोटांना बारीक कुरकुर जाणवत होती, मी म्हटलं ग्रीस संपलं असेल. ती कुरकुर म्हणजे लिव्हरजवळ केबलची एकेक तार तुटत होती, आणि शेवटची तार मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सच्या एकवीस वळणांपैकी बाराव्यावर तुटली. बॅगेत नवी केबल होती पण ती ओवायला टाकी सैल करावी लागली, बोटं गारठलेली, दीड तास गेला. तेव्हापासून नवी केबल जुनीच्या बाजूनेच आधीच ओवून ठेवतो, दोन्ही टोकांना ऑइल लावून वर इन्सुलेशन टेप. तुटली की फक्त टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. ॲक्सिलरेटर केबलचंही तसंच करा.

टायर निम्मा झिजला असेल तर बदला. ट्यूबवाली गाडी असेल तर पुढची-मागची दोन्ही ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप घ्या आणि मागचं चाक घरी एकदा स्वतः काढून परत बसवा. व्हिडिओ बघून येत नाही हो. मेन स्टँड मातीत खचतो तेव्हा खाली चपटा दगड ठेवायचा हे सुद्धा करून बघितल्यावरच कळतं.

सामान कमी, जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला. सायलेन्सरकडची सॅडल बॅग बांधल्यावर मधे चार बोटं जातायत ना बघा, माझा रेनकोट आणि बॅगेचा कोपरा एकत्र वितळून एक नवीनच वस्तू तयार झाली होती.

मग सगळं लादून ट्रायल मारा. ताम्हिणीतून कोकणात उतरा, एखादा खराब रस्ता मुद्दाम शोधा, दोन दिवसांनी परत या. आल्यावर प्रत्येक नट पान्याने तपासा, कॅरिअरचे दोन तरी सैल सापडतीलच.

पुण्याहून गाडी चालवतच न्यायला पाहिजे असं काही नाही. सुट्टी कमी असेल तर झेलम एक्सप्रेसने जम्मूकडे पार्सल करा, वर श्रीनगर-कारगिलवरून चढलं की शरीराला पण सवय होत जाते. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी जवळ ठेवा, सिम पोस्टपेड घ्या कारण बाहेरचं प्रीपेड तिकडे चालत नाही. पार्सलला देताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसे काढून बॅगेत टाका. उतरल्यावर स्टेशनपासून पंपापर्यंत ढकलत न्यायची नसेल तर एकाने आधी रिक्षाने पंपावर जाऊन कॅन भरून आणायचा, दुसऱ्याने तोवर पॅकिंग फाडायचं.