रोमचे अवशेष: आधी फोरम, मग कलोसियम

मित्रांचा घोळका घेऊन रोमला जाताय? कलोसियमच्या साध्या तिकिटातच रोमन फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) आणि त्याला लागूनची पॅलाटिन टेकडीही येते, पण प्रवेशाची ठरलेली वेळ फक्त कलोसियमला असते. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी लवकर फोरम-पॅलाटिन उरकून घ्या (तिथे सावली जेमतेम) आणि कलोसियमची वेळ दुपारची काढा. मात्र फोरम-पॅलाटिनच्या आवारातून एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत जाता येत नाही, म्हणून सगळ्यांनी एकत्रच निघा. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं. पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि ओळखपत्र जवळ ठेवा, नाहीतर एकासाठी सगळे दारात ताटकळतात.

फोरममधल्या विया साक्रा या प्राचीन रस्त्याचे दगड उंचसखल आहेत, फोटोसाठी नवी चप्पल घालाल तर पस्तावाल. पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती 'नासोने' नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी पिण्याचंच. तोटीचं तोंड बोटाने बंद केलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, थेट तोंड लावा.

एखाद्याला तिकीट नकोच असेल तर फोरमशेजारच्या टेकडीवरच्या कॅम्पिडोलिओ चौकामागच्या कठड्यावरून अख्खा फोरम फुकटात दिसतो. संध्याकाळी तर फारच छान.