मराठवाड्यात कारखान्याची जागा आणि पुरवठादार निवडताना

जागा पाहायला मे महिन्यात जावे, कारण ऑक्टोबरमध्ये भरलेला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पाहून घेतलेला निर्णय पुढे महागात पडतो. औद्योगिक वसाहतीत नळजोडणी मंजूर असली, तरी टंचाईत पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा असतो आणि तो तसाच असला पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांसह उद्योगांच्या पाण्यात कपात करायला लावली. म्हणून एक नग तयार करायला किती लिटर पाणी लागते हे आधी मोजावे आणि निम्म्याच पाण्यावर कारखाना किती दिवस चालेल याचा हिशेब मांडावा. बोअरवेलवर भिस्त ठेवू नये. इथल्या काळ्या पाषाणात पाणी फटींपुरतेच साठते आणि आपण उपसलेले पाणी बहुधा शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीतले असते. बांधकामापूर्वीच उताराकडच्या गावांतील विहिरींच्या पाण्याची तपासणी करून अहवाल ग्रामपंचायतीला द्यावा, म्हणजे पुढे प्रदूषणाची तक्रार आली तर तुलनेला आधार राहतो.

वाहतुकीसाठी समृद्धी महामार्ग आणि मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्ग यांचा विचार करावा. जड माल शक्यतो रेल्वेनेच पाठवावा.

खरी कसोटी पुरवठादारांची असते. साखर, मळी किंवा इथेनॉल घेणाऱ्याने कारखान्याच्या फाटकावर थांबू नये. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघालेली जोडपी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात आणि ती फिटेपर्यंत उसाच्या फडातच अडकतात. त्यांच्या मुक्कामी पिण्याचे पाणी, शौचालय, मुलांची शाळा आणि गरोदर बाईला विश्रांती आहे का, हे हंगाम चालू असताना, शक्यतो न कळवता जाऊन पाहावे. छापील प्रश्नावली भरून घेतल्याने यातले काहीच समजत नाही. जालन्याचे पोलाद घेऊन युरोपात माल पाठवणाऱ्याने भट्टीचा वीजवापर आणि भंगाराचा स्रोत लेखी मागावा, कारण १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघात आयात पोलादावर त्याच्या कार्बन उत्सर्जनानुसार शुल्क लागू झाले आहे.

मात्र पुरवठादाराचे बिल थकवून त्याच्याकडून सांडपाणी प्रक्रियेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातच आहे. ती मुदत खरेदी विभागाने करारात लिहून घ्यावी आणि पाळावी.