फॉरमॅटनंतर हरवलेले ड्रायव्हर कसे शोधावेत

विंडोज १० साठीचा सर्वसाधारण सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तेव्हापासून ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत चार-सहा वर्षांचा लॅपटॉप फॉरमॅट मारून त्यात विंडोज ११ टाकून घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षक काकांनीही तसाच करून आणला. लॅपटॉप सुरू होत होता, पण वायफायचे चिन्हच दिसत नव्हते, आवाज येत नव्हता आणि स्क्रीनवरची अक्षरे मोठी व धूसर झाली होती. दुकानात त्यांना सांगण्यात आले होते की, वायफायचे कार्ड गेले आहे, बाहेरून यूएसबीचे लावून घ्या. कार्ड शाबूत होते. नव्हता तो त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारे छोटे सॉफ्टवेअर. चांगला भाग बाद ठरवून लोकांना नाहक खर्चात पाडले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून काकांच्या लॅपटॉपवर जे केले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

संगणकातला प्रत्येक भाग स्वतःची ओळख एका क्रमांकाच्या रूपाने जवळ बाळगतो, आणि ड्रायव्हर नसला तरी तो क्रमांक वाचता येतो. त्यामुळे अंदाजाने पाच ड्रायव्हर उतरवून एकेक टाकून पाहण्याची गरज नसते. आधी ओळख वाचावी, मग त्या ओळखीचाच ड्रायव्हर आणावा.

सुरुवात डिव्हाइस मॅनेजरपासून करावी. विंडोजची कळ दाबून धरून एक्स दाबले की जी यादी उघडते, तीत हे नाव असते. ज्या भागांना ड्रायव्हर मिळालेला नाही ते ‘अदर डिव्हायसेस’ या गटात पिवळ्या त्रिकोणासह दिसतात, आणि त्यावर दोनदा क्लिक केल्यास बहुधा ‘कोड २८’ असा संदेश मिळतो; ड्रायव्हर बसवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेथे दिसणारी नावे मात्र नवख्या माणसाला गोंधळात टाकतात, कारण ड्रायव्हर नसताना विंडोजला त्या भागाचे खरे नाव ठाऊक नसते आणि तो भाग ढोबळमानाने कोणत्या जातीचा आहे एवढेच ते सांगू शकते. ‘नेटवर्क कंट्रोलर’ म्हणजे बहुतेक वेळा वायफाय आणि ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे केबल लावण्याचे लॅन. ‘एसएम बस कंट्रोलर’ दिसला तर चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपांचा, ड्रायव्हर राहिला आहे असे समजावे. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ हे नाव वाचून अनेक जण मोडेमचा ड्रायव्हर शोधत बसतात. इंटेलच्या लॅपटॉपवर तो जवळजवळ नेहमीच मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे इंटेलच्या चिपसेटमधल्या एका अंतर्गत नियंत्रकाचा, भाग असतो. ‘बेस सिस्टिम डिव्हाइस’ हा बऱ्याचदा मेमरी कार्ड वाचणारा भाग निघतो. ग्राफिक्सच्या बाबतीत तर पिवळा त्रिकोणही नसतो. ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ या गटात ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे लिहिलेले असेल, तर विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चालले आहे आणि खरा ड्रायव्हर आणायचा बाकी आहे. काकांच्या स्क्रीनवरची धूसर अक्षरे याच कारणाने होती.

आता ओळख वाचण्याकडे वळू. त्रिकोण असलेल्या नावावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘डिटेल्स’ या टॅबवर जावे आणि तेथील यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. खाली चार-पाच ओळी दिसतात. त्यांतली पहिली सर्वांत नेमकी असते. पीसीआय प्रकारच्या भागाच्या ओळीत ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढचे चार अंक-अक्षरे चिप बनवणाऱ्या कंपनीची असतात आणि ‘डीईव्ही’पुढची चार त्या विशिष्ट चिपची. यूएसबीवर चालणाऱ्या भागांत, म्हणजे कॅमेरा, ब्लूटूथ किंवा बोटाचा ठसा घेणारा भाग यांत, हीच जागा ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ घेतात. कंपन्यांचे काही क्रमांक पाठ झाले तर काम फार सोपे होते. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली आलेल्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच क्रमांक त्या कंपनीने ओळख म्हणून घेतला आहे. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १४सी३ म्हणजे मीडियाटेक आणि १६८सी म्हणजे अथेरॉस. एएमडीच्या ग्राफिक्सला १००२ आणि चिपसेटला १०२२ असतो, कारण पहिला क्रमांक मूळचा, एएमडीने पुढे विकत घेतलेल्या एटीआय कंपनीचा. काकांच्या ‘नेटवर्क कंट्रोलर’वर १०ईसी आणि सी८२१ अशी जोडी होती, म्हणजे रिअलटेकचे ८८२१सीई हे वायफाय. जे कार्ड आपला क्रमांक असा व्यवस्थित सांगते, ते केवळ वायफाय दिसत नाही एवढ्यावरून निकामी ठरवता येत नाही. ‘अदर डिव्हायसेस’ गटात वायफायचे नावच नसेल, तरच बायोसमध्ये (संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ते बंद केलेले आहे का किंवा कार्ड जागेवरून सैल झाले आहे का, हे पाहावे.

ओळख कळली तरी वायफाय नसताना ड्रायव्हर उतरवायचा कसा, हा प्रश्न उरतो, आणि विंडोज ११ तर बसतानाच इंटरनेट मागते. यावर सर्वांत सोपा उपाय खिशात असतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडून फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टिथरिंग’ सुरू करावे. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे काही क्षणांत लॅपटॉपला इंटरनेट मिळते. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर अनेक फोन तेच पुढे देतात आणि मोबाइल डेटा खर्च होत नाही. केबल केवळ चार्जिंगची असेल तर हे चालत नाही. आयफोनला अॅपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो, म्हणून अशा वेळी शेजाऱ्यांचा अँड्रॉइड फोन तासभर मागून घ्यावा.

इंटरनेट आले की प्रथम विंडोज अपडेटला त्याचे काम करू द्यावे. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ असतात आणि त्यांत ड्रायव्हरचा स्वतंत्र भाग असतो; तो लोक उघडूनच पाहत नाहीत. एकदा सगळे बसवून, रीस्टार्ट करून पुन्हा डिव्हाइस मॅनेजर पाहावा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक त्रिकोण येथेच जातात.

उरलेल्यांसाठी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टच्या पानावर जावे आणि मॉडेलचे नाव टाकण्यापेक्षा लॅपटॉपच्या तळाशी असलेला सिरियल क्रमांक टाकावा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपनी कधी एका तर कधी दुसऱ्या चिपचे वायफाय बसवते, आणि सिरियल क्रमांकामुळे आपल्या हातातल्या लॅपटॉपपुरती यादी मिळते. डेलमध्ये हाच सात अंक-अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. कार्यालयांतून निघालेले सेकंडहँड लॅपटॉप ठाण्यात आणि वाशीत सर्रास विकले जातात, त्यांच्यावरचे स्टिकर पुसलेले असते. तेव्हा सिरियल क्रमांक बायोसमध्ये पाहावा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या पीसीला असा क्रमांक नसतो, तेथे ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये बेसबोर्डपुढे लिहिलेले मदरबोर्डचे नाव घ्यावे. कंपनीच्या पानावर विंडोज ११ची यादी रिकामी असेल तर विंडोज १०चा ६४ बिटचा ड्रायव्हर बहुतेक वेळा चालतो.

तेथेही न मिळाल्यास मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये हार्डवेअर आयडीचा व्हीईएनपासून डीईव्हीपर्यंतचा तुकडा शोधावा. तेथून मिळणारी फाइल ‘कॅब’ प्रकारची असते. ती एखाद्या फोल्डरमध्ये उलगडावी आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’ करून संगणकातून शोधण्याचा पर्याय निवडून ते फोल्डर दाखवावे. ‘एका क्लिकमध्ये सर्व ड्रायव्हर’ अशी जाहिरात करणारी सॉफ्टवेअर मी कोणालाही सुचवत नाही. ती नको असलेले प्रोग्रॅम सोबत आणू शकतात, आणि जवळपासच्या मॉडेलचा चुकीचा ड्रायव्हर बसला की मूळ दोष शोधणे दुप्पट अवघड होते.

बसवताना आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, त्यानंतर वायफाय, ऑडिओ आणि बाकीचे असा क्रम ठेवावा, आणि चिपसेटनंतर एकदा रीस्टार्ट करावे. काकांच्या लॅपटॉपवर चिपसेट बसताच दोन अनोळखी नावे आपोआप नाहीशी झाली. ड्रायव्हर बसूनही ‘कोड १०’ किंवा ‘कोड ४३’ येत असेल तर भाग ओळखला गेला आहे पण सुरू होत नाही किंवा बिघाड कळवतो आहे. तेव्हा आधी कंपनीच्या पानावरची दुसरी आवृत्ती टाकून पाहावी आणि मगच हार्डवेअरवर संशय घ्यावा.

एक अडचण मात्र विंडोज टाकतानाच येते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर सेटअपला एसएसडी दिसतच नाही आणि माणूस घाबरून डिस्क खराब झाली असे समजतो. तेथे व्हीएमडी नावाची, डिस्क हाताळणारी इंटेलची सोय चालू असते आणि तिच्यासाठी इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर लागतो. तो दुसऱ्या संगणकावर उतरवून, उलगडून, ‘आयएनएफ’ फाइल असलेले फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवावे आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ म्हणून ते दाखवावे. नुसती सेटअपची ‘ईएक्सई’ फाइल ठेवून उपयोग होत नाही.

डिस्क न पुसता विंडोज नव्याने टाकले असेल तर जुने ड्रायव्हर अजून घरातच असतात. सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर सुमारे १० दिवस राहते. ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये तेच फोल्डर दाखवून उपफोल्डरही तपासण्याची खूण ठेवली की, पूर्वी चालणारा ड्रायव्हर विंडोज स्वतः उचलून बसवते.

ज्यांचे फॉरमॅट अजून व्हायचे आहे त्यांनी आदल्या दिवशी दहा मिनिटे काढावीत. पेन ड्राइव्हवर एक रिकामे फोल्डर करावे, टर्मिनल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे आणि ‘डिस्म’ ही आज्ञा तीन जोडांसह द्यावी: ऑनलाइन, मधे आडवी रेघ असलेले एक्स्पोर्ट-ड्रायव्हर, आणि डेस्टिनेशन, ज्याच्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे देऊन त्या फोल्डरचा पत्ता लिहायचा. प्रत्येक जोडाआधी मोकळी जागा आणि उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ असावी, आणि सर्व शब्द अर्थातच रोमन लिपीत टाइप करावेत. विंडोजसोबत न आलेले, बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये जमा होतात आणि नंतर तेच दाखवून परत बसवता येतात. काकांचा लॅपटॉप नीट झाल्यावर हीच प्रत आम्ही काढली, आणि पेन ड्राइव्हला मॉडेलच्या नावाची चिठ्ठी लावून ती त्यांनी लॅपटॉपच्या बिलाच्या पाकिटात ठेवली आहे.