नवी कोल्हापुरी चावते, तिथून पुढं

कोल्हापुरी चपलांचा नाद असलेला माणूस व्हिडिओ करायला मोबाईल हातात घेतो तेव्हा पहिला व्हिडिओ ठरलेला असतो. चपलेच्या प्रकारांत कापशी कुठली, पुकारी कुठली, पट्ट्यावरची वेणी कशी बघायची, 2019 चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राबरोबर कर्नाटकालाही कसं मिळालं. करावा तोही, पण तसे व्हिडिओ ढिगानं आहेत. आपली जागा सापडते ती बहुतेक वेळा एखाद्या आडव्या प्रश्नात: "नवी घेतलीय, अंगठ्यात चावते, काय करू?" नाहीतर "चपलेवर पांढरं आलंय, टाकून देऊ का?" इतिहास सांगायला निघालेला माणूस चपलेचा डॉक्टर होऊन बसतो. दवाखाना रिकामाच असतो, कुणी बसायचा अवकाश.

प्रश्न यायला लागावेत म्हणून बारा आठवडे, आठवड्याला दोन, असे 24 छोटे व्हिडिओ टाका. एका व्हिडिओत एकच गोष्ट, 40 ते 90 सेकंदांत. यूट्यूब शॉर्ट आता तीन मिनिटांपर्यंत चालतो, म्हणून तीन मिनिटं ताणायची नाहीत. सोबत एक शंभरपानी वही. तिच्यात चार रकाने: तारीख, प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत, गाव, आणि त्यानं आधी काय करून बघितलं. शेवटचा रकाना सगळ्यांत कामाचा. "खोबरेल लावलं, मऊ झाली पण काळी पडली" असं कुणी लिहिलं की पुढचा व्हिडिओ हातात आलाच. "भारी", "नादखुळा", "एकच नंबर" यांची नोंद करायची नाही. पाव्हणे आणि तालमीतली पोरं काय म्हणतात तेही वहीत नको. ती तुमच्यासाठी आलेली असतात, चपलेसाठी नव्हे. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी एकच गोष्ट विचारली की तिच्याखाली रेघ मारा आणि त्यावर सलग चार व्हिडिओ करा. एका व्हिडिओनं काही कळत नाही, तो नशिबानंही चालतो.

लाटेला मात्र भुलू नका. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या आणि वाद पेटला. असल्या विषयावर बोललं की माणसं जमतात, पण भांडायला. पुढच्या आठवड्यात तुम्ही तेल किती लावायचं ते सांगायला बसता, तेव्हा त्यातलं कुणी नसतं.

आता "पांढरं आलंय" हाच प्रश्न घ्या. पांढरं म्हणजे बुरा, म्हणजे बुरशीच, असेल असं नाही. कातड्यातली तेल-चरबी वर येऊनही पांढुरका थर बसतो. हेअर ड्रायर मंद ठेवून साधारण 15 सेंटीमीटरवरून अर्धा मिनिट धरा. थर विरघळून आत मुरला तर चरबी, तसाच राहिला तर बुरा. एवढी परीक्षा कॅमेऱ्यासमोर झाली तरी एक व्हिडिओ झाला. बुरा असेल तर तो घराबाहेर, कोरड्या ब्रशनं झाडायचा. आत झाडला तर उडून शेजारच्या जोडावर बसतो. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं, आधी तळाच्या बाजूला एका कोपऱ्यात लावून रंग उतरतो का बघायचं, नसेल उतरत तर सगळीकडं पुसायचं. दोन दिवस सावलीत, पंख्याखाली. उन्हात अजिबात नको: बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं कातडं भर उन्हात कडक होऊन तडकतं. वाळल्यावर एका चपलेला तिळाच्या तेलाचे चार-पाच थेंब, बोटानं जिरवून. त्याहून जास्त तेलानं चप्पल काळवंडते आणि धूळ धरते.

वाळवायला वर्तमानपत्रावर ठेवली तर शाई लागते. ओली चप्पल लोखंडी मांडणीवर ठेवली तर त्याहून वाईट: कातडं कमावताना सालीतनं त्यात उतरलेलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळा डाग पडतो, आणि तो पाण्यानं जात नाही. कापसानं लिंबाचा रस लावून पाचेक मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसला तर फिका होतो. मोजून बघा, एका प्रश्नातनं किती व्हिडिओ निघाले.

चित्रणाला खिडकीचा उजेड पुरतो, पण ट्यूब आणि बल्ब बंद करा. दोन उजेड मिसळले की तेच कातडं एका बाजूनं निळसर, दुसऱ्या बाजूनं तांबूस दिसतं, आणि इथं तर बघणारा रंगावरच निवाडा करणार असतो. करकर आवाज ऐकवायचा असेल तर पंखा बंद आणि मोबाईल फरशीलगत. चप्पल लाईनीत, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, किंवा कारागिराच्या घरी शूटिंग करायचं तर आधी विचारा आणि त्याच्या कामाचा वेळ गेला तर त्याचे पैसे द्या. त्याची खास रीत दाखवायची की नाही हे तोच ठरवेल.

शीर्षक वहीतल्या शब्दांत. "चर्मपादत्राणांवरील बुरशीचे निर्मूलन" असं कुणी शोधत नाही. "चपलेवर पांढरं आलंय" असंच लिहा. यूट्यूब स्टुडिओत कुठल्या शब्दांनी शोधून लोक आले ते दिसतं. तिथं तुम्ही कधी न बोललेला शब्द वरचेवर दिसायला लागला, समजा "रुंद पाय", तर तो वहीत घ्या.

कारण विक्रीची वाट बऱ्याचदा तिथंच असते. गिऱ्हाइकाकडनं पायाचं माप मागवताना सकाळचं नको, संध्याकाळचं मागवा. दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभं राहायचं, पेन्सिल उभी धरून दुसऱ्यानं रेघ मारायची, आणि पंज्याचा घेर दोरीनं वेगळा मोजायचा. पट्टा वापरानं सैलावतो, म्हणून नवी जोडी जरा घट्टच बरी. खोक्याचं भाडंही आधी मोजा: बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 नं भागतात. 30 × 20 × 10 चं खोकं म्हणजे 1.2 किलोचं भाडं, आत जोड हलका असला तरी. मानांकनाच्या जोरावर विकायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

चावण्याचे व्हिडिओ दिवाळीनंतर, लग्नसराईच्या तोंडावर टाका. लोक जोड घेतात ते तेव्हा. बुऱ्याचा पहिला व्हिडिओ मृग लागायच्या आधी तयार पाहिजे. तोच आषाढ सरताना पुन्हा वर आणा, कारण कपाटातला जोड लोक बाहेर काढतात ते श्रावणातल्या सणांना.