पहिल्या पाच मिनिटांतच सगळा गाळ गायब!

एसडब्ल्यूएमएम या शहरातल्या पावसाच्या पाण्याचा निचरा मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रस्त्यांवरून पावसाबरोबर वाहून येणाऱ्या गाळाचं मॉडेल लावलं होतं. प्रवाह मोजमापाशी छान जुळला, पण गाळाचा आलेख भलताच: सुरुवातीलाच सुळका, मग सपाट शून्य. मला वाटलं, हाच तो ‘फर्स्ट फ्लश’, म्हणजे पावसाच्या पहिल्या पाण्यातच बहुतेक घाण धुऊन जाणं! दोन दिवस त्याच खुशीत गेले. मग नमुन्यांच्या बाटल्या बघितल्या, तर तासाभरानंतरचं पाणीही चांगलंच गढूळ.

घोळ एककांचा निघाला. वॉशऑफचा, म्हणजे पाण्याबरोबर गाळ धुऊन जाण्याचा, गुणांक मी इंच प्रति तासाच्या हिशोबातला उचललेला, मॉडेल मात्र मिलिमीटरमध्ये चाललेलं. सूत्रात प्रवाहाच्या वेगाचा घातांक १.५, म्हणजे २५.४ चा दीडवा घात: वॉशऑफ तब्बल १२८ पट! गुणांकाला १२८ ने भागलं. सुळका बसला, आलेखाचं शेपूट लांबलं. शिखर अजून जरा लवकर येतंय, पण ते निस्तरता येईल.